नोकरी सांभाळून सीबीटीचा डिप्लोमा: दोन वर्षांत नेमकं काय शिकायला लागतं

क्लायंटबरोबरच्या सीबीटी सेशनची माझी पहिली टेप ७२ पैकी ३१ वर आली. पास व्हायला ३६ लागतात. तोपर्यंत मी मानसिक आरोग्याची नर्स म्हणून अकरा वर्षं काम केलेलं होतं, वॉर्डात रात्री-बेरात्री रडणाऱ्या माणसांजवळ बसलेले होते, आणि तरी त्या पन्नास मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मी काय केलं होतं तर समोरच्या बाईंना सारखा धीर दिला होता. काही होणार नाही, तुमचा ईसीजी नॉर्मल आलाय ना, मग काळजी करू नका. सुपरवायझरने टेप तिथेच थांबवली आणि विचारलं, हे वाक्य ऐकून तिला किती वेळ बरं वाटलं असेल? मी म्हटलं, दिवसभर तरी. तर म्हणाली, पुढे ऐक. आणि पुढच्या चौथ्या मिनिटाला त्या बाई परत तेच विचारत होत्या, पण खरंच अटॅक नसेल ना?

हा किस्सा आधी सांगितला कारण मला वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारलंय, कुणी इथल्याच, इंग्लंडमधल्या, मराठी नर्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कुणी पुण्या-नाशकात सायकॉलॉजीत एमए केलेल्या मुली, की पार्ट-टाइम सीबीटी करायचंय, कसं असतं, जमेल का. आणि सगळ्यांना वाटतं की यात भरपूर वाचायचं असतं, थिअरी असते, शेवटी परीक्षा. वाचायचं असतंच. पण मुख्य शिक्षण हे असं टेपसमोर बसून होतं, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं. मी सांगतेय ते सगळं इंग्लंडमधलं, कारण मी इथे शिकले.

आधी सीबीटी म्हणजे काय ते थोडक्यात. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, पुस्तकी मराठीत बोधात्मक वर्तन उपचार वगैरे लिहितात पण बोलताना सगळे सीबीटीच म्हणतात. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत अ‍ॅरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, १९२१ ला जन्मले आणि २०२१ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. १९६० च्या आसपास ते फ्रॉइडच्या पद्धतीने काम करायचे, म्हणजे पेशंटने आडवं पडून मनात येईल ते बोलायचं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माणूस जे मोठ्याने बोलतो त्याच्या शेजारून विचारांचा आणखी एक ओढा वाहत असतो जो तो सांगतच नाही, उदाहरणार्थ आपण या डॉक्टरांना बोअर करतोय. झटकन येणारे, आपोआप येणारे, आणि खरेच आहेत असं धरून चालणारे विचार. बेकनी त्यांच्यावर काम सुरू केलं. त्याच सुमाराला, खरं तर थोडं आधी, १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकी विचारांवर भर देणारी थेरपी, सुरू झाली होती आणि ही दुसरी शाखा आपल्या लोकांना जास्त ओळखीची आहे कारण ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठीत घरोघरी पोचवली. दोन्ही एकाच घरातल्या, स्वभाव थोडे वेगळे.

आता एक साधं उदाहरण. मागच्या उन्हाळ्यात रात्री दीड वाजता आईचा फोन आला. सांगलीत तेव्हा सकाळचे सहा. स्क्रीनवर आई दिसलं आणि एका सेकंदात डोक्यात आलं, बाबांना काहीतरी झालं. हात गार, पोटात गोळा, तोंड कोरडं. आणि मी काय केलं तर फोन उचललाच नाही, आधी नवऱ्याला हलवून उठवलं. उचलला तेव्हा कळलं की आईने मोबाइल पदराने पुसताना बोट लागून फोन लागला होता. यात पाच गोष्टी आहेत बघा: घडलेला प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, शरीर आणि मी केलेली कृती. क्रिस्टीन पॅडेस्की आणि कॅथलीन मूनी यांचं हे पाच भागांचं चित्र पहिल्या आठवड्यातच शिकवतात, सोपं दिसतं, आणि पुढची दोन वर्षं तुम्ही तेच काढत राहता. भावनेला थेट हात घालता येत नाही, घाबरू नकोस म्हटल्याने कुणी घाबरायचं थांबत नाही, पण विचार तपासता येतो आणि कृती बदलता येते, म्हणून त्या दोन दारांनी आत शिरायचं.

आता परत त्या धीर देण्याकडे येते. पॅनिकचं जे मॉडेल शिकवतात ते ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांचं, १९८६ चं. समजा एक गृहस्थ आहेत पंचेचाळिशीचे, सुपरमार्केटमध्ये रांगेत उभे असताना छातीत धडधडलं. धडधड कशानेही होते, कॉफीने, जिना चढल्याने, उकाड्याने. पण त्यांच्या मनात आलं की हा हार्ट अटॅक. मग भीती, भीतीने अ‍ॅड्रेनलिन, त्याने आणखी धडधड, आणि आणखी धडधड म्हणजे बघा मी म्हटलंच होतं. हे चाक काही मिनिटांत एवढं फिरतं की माणसाला मरण समोर दिसतं. मग ते काय करतात तर ट्रॉली घट्ट धरतात. थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरते, कारण शरीर काही कायम त्या वेगाने पळू शकत नाही, पण ते मनात नोंद काय करतात? ट्रॉली धरली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ट्रॉली, पाण्याची बाटली, बायको सोबत, आणि एक दिवस दुकानात जाणंच बंद. याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. आणि मी टेपमध्ये त्या बाईंना जे देत होते, काही होणार नाही, काही होणार नाही, ती मी त्यांच्या हातात दिलेली आणखी एक ट्रॉलीच होती. मी गेले की त्यांना दुसरी शोधायला लागणार.

हे वाचून कळतं, पण अंगात उतरवायला वर्गात वेगळं करून घेतात. आम्हाला उभं करून दोन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. दीड मिनिटात माझी बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, ओठ बधिर, डोकं हलकं, आणि मला माहीत होतं की हे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे होतंय तरी सेकंदभर वाटलं, आपण पडणार. मग खुर्चीत बसून प्रत्येकाने लिहायचं की काय वाटलं आणि त्यावर किती टक्के विश्वास बसला होता. हेच पुढे क्लायंटबरोबर करायचं, आधी डॉक्टरकडून तब्येतीची खात्री करून घेऊन, कारण हृदयविकार, फिट्स, दमा, गरोदरपण असेल तर हा प्रयोग करत नाहीत. आधी भाकीत लिहायचं: ट्रॉली सोडली तर मी कोसळणार, विश्वास ८० टक्के. मग दोघांनी दुकानात जायचं, ट्रॉली सोडायची, धडधड होऊ द्यायची, उभं राहायचं. परत येऊन आकडा विचारायचा. तो ८० वरून खाली येतो तेव्हा तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आलेला नसतो, म्हणून टिकतो. मला अकरा वर्षं धीर द्यायची सवय होती, ती सोडायला जवळजवळ सहा महिने गेले. नर्सिंगमधून येणाऱ्या बऱ्याच जणींचं हेच होतं.

आता टेपच्या मार्कांचं. सीटीएस-आर नावाची मोजपट्टी आहे, मूळ बेकच्या लोकांच्या पट्टीवरून न्यूकॅसलमध्ये सुधारून केलेली, २००१ ची. त्यात १२ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६. सेशनच्या सुरुवातीला अजेंडा दोघांनी मिळून ठरवला का, मधे मधे विचारलंत का की आत्तापर्यंतचं कसं वाटतंय, वेळ नीट वापरली का, नेमका विचार हाती लागला का, होमवर्क समोरच्याला पटेल आणि झेपेल असं ठरलं का, असं सगळं. यातला सगळ्यात अवघड मुद्दा म्हणजे गाइडेड डिस्कव्हरी: उत्तर तुम्हाला दिसत असतं पण सांगायचं नाही, असे प्रश्न विचारायचे की त्याला ते स्वतः सापडेल. आणि त्यातही प्रश्न असा नको की ज्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवून ठेवलंय, ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. क्लायंटची सही घेतलेली परवानगी, एन्क्रिप्टेड रेकॉर्डर, घरी स्वतःचाच आवाज ऐकणं, स्वतःला मार्क देणं, मग सुपरवायझरने दिलेले मार्क बघणं. पहिल्या वर्षी मी स्वतःला ४२ दिले तिथे ३३ आले, दुसऱ्या वर्षी हे अंतर दोन-तीनवर आलं, आणि माझ्या मते एकूण मार्क वाढण्यापेक्षा ते अंतर कमी होणं जास्त मोलाचं.

पार्ट-टाइमचा हिशोब नीट समजून घ्या कारण इथे लोक फसतात. ब्रिटनमध्ये पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२० चा, मास्टर्स १८०. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे डिप्लोमा १२०० तास, दोन वर्षांत वाटला तर वर्षाला ६००, म्हणजे वर्षाचे जवळजवळ सगळे आठवडे धरले तरी आठवड्याला १२ तास, आणि सुट्ट्या घेतल्या की त्याहून जास्त. त्यातला एक दिवस युनिव्हर्सिटीत जातो, उरलेलं संध्याकाळी, रविवारी.

त्याशिवाय थेरपिस्ट म्हणून मान्यता हवी असेल तर बीएबीसीपी ही संस्था आहे, १९७२ पासूनची, तिचे किमान निकष आहेत: ४५० तासांचं प्रशिक्षण, त्यातले २०० तरी मान्य शिक्षकांकडून, २०० तास प्रत्यक्ष थेरपी, निदान ८ क्लायंटबरोबर, आणि ४० तास सुपरव्हिजन. आठ ऐकायला कमी वाटतात. पण केस शेवटपर्यंत जावी लागते आणि माणसं मधेच येणं सोडतात, कुणाची नोकरी बदलते, कुणाला तिसऱ्या सेशननंतर बरं वाटलं म्हणून येत नाही, कुणाचं दुखणं तुमच्या हाताबाहेरचं निघतं आणि पुढे पाठवावं लागतं. आणि सगळ्या केस एकाच प्रकारच्या चालत नाहीत, डिप्रेशन आणि वेगवेगळ्या अँक्झायटी हव्यात. माझ्या आठ पूर्ण व्हायला मी पंधरा जणांबरोबर सुरुवात केली होती.

म्हणून प्रवेशाआधीचा खरा प्रश्न फीचा नसून क्लायंट कुठून आणणार हा आहे. बहुतेक युनिव्हर्सिट्या क्लायंट देत नाहीत, ते तुमच्या कामाच्या जागेतून यायला लागतात. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरने तोंडी हो म्हटलं होतं, दर आठवड्याला अर्धा दिवस देते म्हणून, आणि कोर्स सुरू झाल्यावर दोन महिन्यांत टीममध्ये माणसं कमी पडली आणि तो अर्धा दिवस गेला, मग मी सुट्टीच्या दिवशी क्लायंट बघत होते. त्या वर्षात मुलीच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मला जाता आलं नाही आणि ते मला अजून लागतं. लेखी घ्या. किती तास, कुठली खोली, किती क्लायंट, सगळं ईमेलवर.

प्रवेश कुणाला मिळतो? साधारण ज्यांचा आधीच एक मूळ पेशा आहे त्यांना: मानसिक आरोग्य नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ. नसेल तर केएसए नावाचा मार्ग आहे, नॉलेज-स्किल्स-अ‍ॅटिट्यूड्स, त्यात मोठी फाइल करून दाखवावी लागते की तुमच्याकडे त्या दर्जाचं ज्ञान आणि अनुभव आहे. चिकाटीचं काम आहे पण लोक करतात. आणि कोर्स निवडताना एवढं विचाराच की तो बीएबीसीपीच्या लेव्हल १ मान्यतेचा आहे का लेव्हल २. लेव्हल २ मध्ये वर सांगितलेले सगळे निकष कोर्समध्येच पूर्ण होतात, लेव्हल १ मध्ये काही तुमचं तुम्हाला नंतर भरून काढावं लागतं. मान्यता नसलेलेही कोर्स भरपूर आहेत, वीकेंडचे, ऑनलाइन. ओळख व्हायला ठीक. पण ब्रिटनमध्ये थेरपिस्ट या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही, कुणीही पाटी लावू शकतो, म्हणून नोकरी देणारे आणि शहाणे क्लायंट बीएबीसीपीची नोंद बघतात.

दुसरा रस्ता आहे एनएचएसमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, आणि तो मिळत असेल तर मी डोळे झाकून तो घ्या म्हणेन. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि वर ज्यांचं मॉडेल सांगितलं तेच डेव्हिड क्लार्क, या दोघांनी सरकारला पटवलं की डिप्रेशन आणि अँक्झायटीवर थेरपी देणं माणुसकीचंही आहे आणि देशाला परवडणारंही. त्यातून २००८ मध्ये इंग्लंडभर आयएपीटी नावाची योजना सुरू झाली, २०२३ पासून तिचं नाव एनएचएस टॉकिंग थेरपीज. तिथे हाय इंटेन्सिटी ट्रेनी, म्हणजे शिकाऊ सीबीटी थेरपिस्ट, म्हणून लागलात तर साधारण वर्षभर दोन दिवस युनिव्हर्सिटी, तीन दिवस सेवेत काम, पगार एनएचएसच्या वेतनश्रेणीतल्या बँड ६ चा, पास झाल्यावर वरचा बँड ७. क्लायंट तिथेच असतात. जागा कमी आणि स्पर्धा जोरदार. या योजनेतली मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे दर सेशनला मोजतात: पीएचक्यू-९ डिप्रेशनसाठी, नऊ प्रश्न, ० ते २७, जीएडी-७ काळजीसाठी, सात प्रश्न, ० ते २१. आकडा खाली येत नसेल तर थेरपिस्टला ते दिसतं आणि लपवता येत नाही.

भारतातून विचारणाऱ्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, स्टुडंट व्हिसावर पार्ट-टाइम कोर्स घेतला तर काम करायची परवानगी नसते, प्लेसमेंटचीही नाही, आणि क्लायंटशिवाय हा डिप्लोमा होत नाही, म्हणजे हा रस्ता जवळपास इथे आधीच काम करणाऱ्यांसाठीच आहे. दोन, इथला डिप्लोमा झाला म्हणून भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, ती नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे वेगळ्या शिक्षणाने होते. कौशल्य कुठेही उपयोगी पडतं, पण पाटीवर काय लिहायचं ते वेगळं.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. मराठीत सीबीटी करताना पहिल्याच पायरीवर एक शब्द आडवा येतो, वाटणं. मला वाटतं की मी नापास होणार, हा विचार. मला भीती वाटते, ही भावना. दोन्हीकडे वाटतं. इंग्रजीत शिकलेला तक्ता घेऊन मी एका मराठी क्लायंटला विचारलं, तुम्हाला काय वाटलं, आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं, पण मला कळेना ते कुठल्या रकान्यात टाकायचं. मग एक युक्ती सापडली: ‘वाटतं’नंतर ‘की’ आला तर विचार, आणि ‘वाटतं’च्या आधी एकच शब्द असला, भीती, लाज, एकटं, तर भावना. मी हे कागदावर लिहून देते आणि लोकांना दोन मिनिटांत जमतं. तसंच पुरावा काय असं मराठीत विचारलं की कोर्टात उभं केल्यासारखं होतं. त्याऐवजी कशावरून असं वाटलं? हा आपला रोजचा प्रश्न, आणि हळू आवाजात विचारला तर त्यात कुतूहल ऐकू येतं, संशय नाही.

आणि भावनांना आपल्याकडे किती शब्द आहेत. धाकधूक, धडकी, हुरहूर, घालमेल, रुखरुख. हे सगळे एकच नाहीत आणि इंग्रजीत आणताना दोन-तीन शब्दांत कोंबले जातात. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक आजी होत्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलीच्या बाळंतपणाला इकडे आलेल्या आणि तेवढ्यात मिरजेत आजोबा गेले. मुलीने आधीच्या फॉर्मवर गिल्ट, म्हणजे अपराधीपणा, लिहिलेलं, मीही तसंच धरून चालले, जबाबदारी कुणाकुणाची किती याचं गोल चित्र काढायला लागले, डॉक्टरांचा वाटा, वयाचा, आजाराचा. आजी नम्रपणे सगळं करत होत्या आणि आकडा काही हलत नव्हता. चौथ्या सेशनला मी पेन ठेवलं आणि विचारलं, आजी, तुम्ही या वाटण्याला काय म्हणाल, तुमच्या शब्दात? तर म्हणाल्या, रुखरुख गं. मी काही चुकले असं नाही म्हणत मी, पण त्यांच्या शेवटच्या दिवसाचं मला काहीच माहीत नाही.

अपराधीपणात तपासायला एक आरोप असतो. रुखरुखीत आरोप नसतो, काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि राहिलेल्या गोष्टीशी वाद घालून काय उपयोग, ती करायला हवी. फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे क्लायंटचा त्रास नेमका काय आहे ते मांडायच्या, कागदावरचा शब्द मी खोडला आणि तिथे रुखरुख लिहिलं. होमवर्क त्यांनी स्वतः ठरवलं: शेवटच्या दिवशी आजोबांजवळ जी शेजारीण होती तिला फोन करायचा. दोन महिने तिचा नंबर समोर असून लावला नव्हता, कारण ते आपल्याला ऐकवणार नाही, सहन होणार नाही, असं त्यांना वाटत होतं. ऐकवणार नाही यावरचा विश्वास आम्ही लिहून ठेवला, ९० टक्के.

पुढच्या मंगळवारी आल्या, शाल खुर्चीवर ठेवली, मी वही उघडायच्या आधीच म्हणाल्या, दहीभात खाल्ला होता त्यांनी दुपारी. लिंबाच्या लोणच्याबरोबर.